रेवातीरीचे सहचर : नर्मदा-परिक्रमेच्या गद्यातील दांपत्य

प्रवासवर्णनाची चर्चा करताना मराठी समीक्षेने बहुधा प्रदेश आणि प्रवासी या दोन घटकांचाच विचार केला आहे. प्रदेशाचे चित्रण किती जिवंत आहे आणि प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व त्यातून किती उमटले आहे, हे दोन प्रश्न विचारले की मूल्यमापन पुरे झाले, असा एक समज रूढ झालेला दिसतो. प्रवासी एकटा होता की त्याच्या सोबतीला कोणी होते, हा तपशील चरित्राच्या खात्यात टाकला जातो. वस्तुतः सोबत हा निवेदनाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. एकट्याने चालणारा माणूस जे पाहतो त्याचा साक्षी तो स्वतःच असतो. दोघे चालत असतील तर पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला दुसरा साक्षीदार असतो, आणि लिहिणाऱ्याच्या 'मी'ला सतत 'आम्ही'शी हिशेब द्यावा लागतो. हे दोघे पतिपत्नी असतील तर त्या 'आम्ही'त घर, वय, सवय, रुसवा आणि परस्परांच्या शरीराची काळजी एवढे सारे येऊन बसते.

नर्मदा-परिक्रमेच्या गद्याचा या दृष्टीने विचार केला तर एक अर्थपूर्ण विसंगती हाती लागते. ही परिक्रमा परंपरेने विरक्ताची. तिचे आधुनिक भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसन्न वर्णन मात्र एका गृहस्थाने केले आहे, आणि त्याच्या उत्तरकालीन यात्रांत पत्नी सहचारिणी आहे. अमृतलाल वेगड यांच्या 'सौंदर्य की नदी नर्मदा', 'अमृतस्य नर्मदा' आणि 'तीरे-तीरे नर्मदा' या तीन पुस्तकांचे महत्त्व या विसंगतीत शोधावे लागते.

परिक्रमेचे शास्त्र आणि निवेदनाची घडण

नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि सुमारे १३१२ किलोमीटर वाहून भडोचपलीकडे खंभातच्या आखाताला मिळते. तिची परिक्रमा करणाऱ्याने एका तीराने चालत जायचे आणि दुसऱ्या तीराने परतायचे. प्रदक्षिणेच्या नियमाप्रमाणे नदी सदैव उजव्या हाताला राहिली पाहिजे आणि ती मध्ये कोठेही ओलांडायची नाही. दक्षिण तीराने समुद्राकडे गेलेल्या परिक्रमावासीला विमलेश्वरहून भरतीची वेळ साधून नावेने मुखापलीकडच्या मिठी तलाईला उतरावे लागते, आणि तेथून उत्तर तीराची वाट सुरू होते. चातुर्मासात एका जागी मुक्काम, अंगावर मोजके सामान, सदावर्तातून मिळेल त्या शिध्यावर निर्वाह आणि पूर्ण परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस असा परंपरेचा दंडक आहे. आज कोणी काही महिन्यांत, कोणी वाहनाने काही आठवड्यांत ती पुरी करतात. पण मूळ कल्पना दीर्घ आणि पायी चालण्याचीच आहे.

या नियमांचा वाङ्मयीन परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. वारीला पंढरी असते. वाटेवरचे प्रत्येक पाऊल विठ्ठलाच्या दिशेने पडते आणि त्यामुळे वारीच्या कथनाला आपोआप एक चढण मिळते. परिक्रमेला असे गंतव्य नाही. जेथून निघायचे तेथेच परतायचे. ज्याची उपासना करायची ते दैवत पहिल्या दिवसापासून उजव्या हाताला वाहतच असते. साहजिकच परिक्रमेच्या कथनात उत्कंठेचा आधार तुटपुंजा असतो. ते गद्य तगते ते लेखकाच्या पाहण्यावर, माणसांशी होणाऱ्या क्षणिक भेटींवर आणि चालण्याच्या लयीवर. त्याच त्या गोष्टी रोज घडतात : पहाटेचे निघणे, घाटावरचे स्नान, दुपारची सावली, रात्रीच्या आसऱ्याची चिंता. ही पुनरावृत्ती एकट्या निवेदकाने सांगितली की तिची साधना होते. दोघांच्या वाट्याला आली की तिचा संसार होतो. चूल, अंथरूण, पाणी, उद्याची बेगमी यांची उजळणी ज्या जीवनक्रमात रोजच होत असते, त्याच्याशी परिक्रमेचे हे आतून जुळणारे नाते विरक्तांच्या गद्याला फारसे दिसले नाही.

आणखी एक गोष्ट लोकस्मृतीतली. नर्मदा चिरकुमारी आहे. शोणभद्र नदाशी तिचा विवाह ठरला होता. त्याला पाहून यायला तिने जोहिलेला धाडले, शोण जोहिलेवरच भुलला, आणि मानिनी नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेला निघून गेली, अशी कथा अमरकंटकच्या परिसरात सांगितली जाते. भूगोल या कथेला साक्ष देतो. नर्मदा आणि शोण यांचे उगम एकाच डोंगराळ मुलखातले. शोण पुढे गंगेला मिळतो, जोहिला खरोखरच शोणाला मिळते आणि नर्मदा एकटीच उलट दिशेने सागराकडे जाते. म्हणजे जिचे लग्न मोडले त्या नदीभोवतीची ही प्रदक्षिणा आहे. एखादे दांपत्य ती घालू लागते तेव्हा या कथेला न बोलता एक दुसरी बाजू जोडली जाते. उजव्या हाताला एकटी नदी आणि सोबत वामांगी, अशी ती रचना आहे. नर्मदेवरील गद्यात ही संगती ठळकपणे मांडली गेलेली नाही. पण दांपत्याच्या पदयात्रेचे वर्णन वाचताना ती पार्श्वभूमीसारखी सतत जाणवत राहते.

मराठीतील पूर्वपरंपरा

मराठी वाचकाला ही वाट अपरिचित नाही. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी नर्मदेच्या तीराने भ्रमण केले आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीने त्या अनुभवाला मराठीत कायमचे स्थान मिळवून दिले. शीर्षकातला 'कुणा एकाची' हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. निवेदक नाव टाकून देतो, नाती टाकून देतो, आणि 'एक' एवढीच आपली ओळख ठेवतो. त्या गाथेतील सारा ताण विरक्ती आणि ओढ यांच्यामधला आहे. माणसे भेटतात, जीव लावतात. पण वाट त्याला पुढे नेते. सोबत जडणे हाच तेथे धोका आहे. या मनोभूमिकेतून मराठी गद्याला एक उत्कट, व्याकुळ आणि काहीसा आत्ममग्न सूर लाभला.

जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने पुढच्या काळात असंख्य मराठी वाचकांना प्रत्यक्ष परिक्रमेला प्रवृत्त केले. त्याचा सूर दांडेकरांहून वेगळा, बेधडक आणि रोखठोक आहे. परंतु निवेदनाचे केंद्र तेच : साधक आणि त्याची मैया. भारती ठाकूर यांच्या 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' या पुस्तकाने मैत्रिणींच्या सोबतीचा आणि स्त्रीच्या दृष्टीचा नवा घटक आणला. तीरावरच्या मुलांचे शिक्षण हा त्या परिक्रमेचा पुढचा प्रवास ठरला, ही गोष्ट ती दृष्टी किती वेगळी होती ते सांगते. तरीही मराठीतील या ठळक पुस्तकांत पतिपत्नींची सोबत हा निवेदनाचा कणा झालेला नाही. गृहस्थाश्रम परिक्रमेच्या आधी संपतो किंवा परिक्रमेनंतर पुन्हा सुरू होतो. वाटेवर तो नसतो.

काका कालेलकरांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. साताऱ्यात जन्मलेल्या आणि गुजरातीत मोठे झालेल्या या लेखकाने 'जीवनलीला'मधून भारतीय नद्यांना 'लोकमाता' म्हणून साहित्यात प्रतिष्ठा दिली. कालेलकरांची दृष्टी दर्शनाची आहे. नदीसमोर उभे राहायचे, तिचे रूप मनात साठवायचे आणि संस्कृतीच्या स्मरणाने ते उजळायचे. वेगड या परंपरेचे वारस आहेत, पण ते उभे राहत नाहीत, चालतात. आणि चालणे हा देहाचा व्यवहार असल्यामुळे त्यांच्या गद्यात भूक, फोड, थंडी आणि वय यांना संस्कृतीइतकेच स्थान मिळते.

वेगडांची खंड-परिक्रमा

वेगडांचा जन्म १९२८ मध्ये जबलपूरला, कच्छमधून येऊन स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबात झाला. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे जबलपुरातच कलाशिक्षक म्हणून आयुष्य वेचले. हिंदी आणि गुजराती या दोन्ही भाषांत त्यांनी स्वतः लिहिले. 'सौंदर्यनी नदी नर्मदा' या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये जबलपुरातच त्यांचे निधन झाले. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी जबलपूर ते मंडला हा पहिला टप्पा पायी चालून काढला आणि तेथून त्यांच्या नर्मदायात्रांची मालिका सुरू झाली.

या यात्रांचे स्वरूप तुकड्यातुकड्यांचे आहे. सुटीत निघायचे, काही दिवस किंवा काही आठवडे चालायचे, घरी परतायचे आणि पुढच्या वेळी जेथे थांबलो तेथून वाट पुन्हा धरायची. शास्त्रनिष्ठ परिक्रमावासीच्या लेखी ही उणीव होय. समीक्षेच्या दृष्टीने मात्र हीच या लेखनाची मूळ रचना आहे. अखंड परिक्रमा करणाऱ्याला घर सोडावे लागते. खंड-परिक्रमा करणारा घर सोबत बाळगतो. नोकरी, मुलेबाळे, आजारपणे, पैशाची तजवीज यांच्या फटींतून त्याची वाट काढलेली असते. दर टप्प्याला एक निघणे आणि एक परतणे येते, आणि त्यामुळे पुस्तकाचे प्रत्येक प्रकरण संसार आणि नदी यांच्यामधली एक येरझार ठरते. पुण्यप्राप्तीपेक्षा सौंदर्याचा शोध हा आपला हेतू असल्याचे लेखकाने शीर्षकातच सांगून टाकले आहे. पण त्या सौंदर्यदृष्टीला जमिनीवर ठेवण्याचे काम या येरझारीने केले आहे.

मनुस्मृतीने वानप्रस्थासाठी दोन पर्याय दिले आहेत : पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून वनात जावे, किंवा तिला बरोबर घेऊन जावे. परंपरेच्या कथनाला पहिला पर्याय अधिक मानवला. दुसरा शास्त्रात राहिला. वेगडांच्या यात्रांच्या आरंभी विद्यार्थी, सहकारी आणि स्नेही सोबत आहेत. पुढच्या यात्रांत पत्नी कांता त्यांत सामील होतात, आणि २००२ मध्ये, पहिल्या पदयात्रेला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, पंचाहत्तरीकडे झुकलेले वेगड दुसऱ्या परिक्रमेसाठी निघतात ते कांतांसह. 'तीरे-तीरे नर्मदा' हे या परिक्रमेचे पुस्तक. शास्त्रातला तो दुसरा पर्याय असा अनपेक्षितपणे साहित्यात उतरला. फरक एवढाच की हे वानप्रस्थ दर खेपेला घरी परतते.

'आम्ही'ची लय

या यात्रा केवळ दोघांच्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. बरोबर इतर माणसे होती, ओझे वाहणारे आणि मदत करणारे हात होते. तरीही 'अमृतस्य नर्मदा' आणि 'तीरे-तीरे नर्मदा' या पुस्तकांचा सूर पहिल्या पुस्तकाहून बदललेला जाणवतो. पहिल्या पुस्तकात एक चित्रकार नदीच्या रूपाने हरखून गेला आहे. उपमांची उधळण आहे, वाक्ये छोटी, उड्या मारणारी आहेत, विनोद खळाळता आहे. नंतरच्या लेखनात हरखणे उरते, पण त्याची घाई ओसरते. ही केवळ वयाची देणगी नव्हे. ज्याला पाहिलेली गोष्ट ताबडतोब कोणाला तरी सांगता येते, त्याला ती कागदावर ओरडून सांगावी लागत नाही. सहचरीच्या उपस्थितीने लेखकाच्या उद्गाराला एक पहिला श्रोता मिळाला, आणि वाचकापर्यंत येताना तो उद्गार निवळला.

चालण्याची भौतिक परिस्थितीही येथे लक्षात घ्यावी लागते. नदीकाठची पाऊलवाट एकाच्या मापाची असते. शेताच्या बांधावर, दरडीच्या कडेला, झाडीत दोघांना जोडीने चालता येत नाही. एक पुढे आणि एक मागे असेच चालावे लागते. सप्तपदीत सातवे पाऊल सख्याचे मानले आहे. परिक्रमेची हजारो पावले त्या सातव्या पावलाचा विस्तार मानली तर त्या सख्याची रीत मागे वळून पाहण्याची आणि पुढच्याच्या पाठीकडे पाहत चालण्याची आहे. पुढच्याने काट्याची सूचना द्यावी, मागच्याने थकवा लपवावा. दोघांपैकी जो हळू चालतो त्याच्या गतीने दिवसाची मजल ठरावी. एकट्या साधकाच्या गद्यात वेग हा निश्चयाचा पुरावा असतो. दांपत्याच्या गद्यात गती ही वाटाघाट असते, आणि त्या वाटाघाटीतच स्नेह प्रकट होतो.

तीरावरच्या लोकांच्या संबोधनांतही एक मौज आहे. परिक्रमावासी पुरुष तेथे 'बाबाजी' होतो आणि स्त्री 'माताराम'. ही संबोधने नवराबायकोचे नाते पुसून दोघांना समान पायरीवर, नदीची लेकरे म्हणून उभे करतात. घरात जी अमक्याची पत्नी, ती घाटावर स्वतःच्या पुण्याची धनी असते. दांपत्याच्या परिक्रमेला लोकव्यवहाराने दिलेली ही मोकळीक वाङ्मयीन निवेदनाने कितपत पाळली, हा या पुस्तकांपुढचा खरा प्रश्न आहे.

लेखणी कोणाच्या हाती

मराठी वाचक या प्रश्नाशी परिचित आहे. किंबहुना तो विचारण्याची सवय त्याला मराठी साहित्यानेच लावली आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), १९३४ ते १९३६ या काळात आलेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' (१९९०) या तीन पुस्तकांनी सहजीवनाची कथा पत्नीच्या लेखणीतून सांगण्याची भक्कम परंपरा मराठीत निर्माण केली. 'स्मृतिचित्रे'चे उदाहरण येथे विशेष उपयोगी आहे. नारायण वामन टिळक हे न सांगता घराबाहेर पडणारे, वाटेल तिकडे निघून जाणारे गृहस्थ. टिळकांनी स्वतःच्या भ्रमंतीविषयी लिहिले असते तर ती कदाचित एका जिज्ञासू आत्म्याची यात्रा ठरली असती. लक्ष्मीबाईंनी लिहिल्यामुळे तिच्यात मागे राहिलेल्या घराचा, रित्या डब्यांचा आणि वाट पाहण्याचा हिशेब आला. त्या हिशेबात कडवटपणा नाही, पण विसरभोळेपणाही नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतरच्या काही वर्षांच्या ताटातुटीची कथा याच समतोलामुळे मराठी गद्याच्या शिखरावर जाऊन पोहोचली.

नर्मदातीरीच्या या तीन पुस्तकांत लेखणी एकाच हाताची आहे. कांता तेथे आहेत त्या वेगडांच्या वाक्यांतून. लेखकाचा स्नेह खरा आहे, कृतज्ञता खरी आहे; स्वतःची थट्टा करण्याची आणि पत्नीचे श्रेय मान्य करण्याची त्यांची वृत्ती मोकळी आहे. तरीही दोघांनी पाहिलेल्या नदीचे वर्णन एकाने करणे आणि दोघांनी करणे यांत अंतर राहते. सूर्योदयाच्या क्षणी कांतांचे लक्ष क्षितिजाकडे होते की चुलीकडे, भुकेल्या परिक्रमावासीला शिधा काढून देणाऱ्या गृहिणीशी त्या काय बोलल्या, वाटेवरच्या स्त्रियांनी पुरुषाला कधीच न सांगितलेल्या कोणत्या गोष्टी त्यांच्या कानी आल्या, हे वाचकाला पूर्णपणे कळण्याचा मार्ग नाही. स्त्रीसाठी उघडी होणारी माजघरे पतीच्या निवेदनात ओसरीपर्यंतच दिसतात. दांपत्याच्या परिक्रमेने अनुभवाचे क्षेत्र दुप्पट केले. निवेदनाने त्यातला सुमारे अर्धा भाग वाचकाच्या हाती दिला, असे म्हणावे लागते.

'तीरे-तीरे नर्मदा'त वेगडांनी पुढच्या जन्माचे एक चित्र रेखाटले आहे, आणि या संदर्भात त्याचे बारकाईने वाचन व्हायला हवे. या जन्मात केवळ वाद्य सुरात लावून झाले, खरी परिक्रमा पुढच्या जन्मी, अशी त्यांची भावना आहे. शंभर-दोनशे वर्षांनी कोणाला नर्मदेकाठी घाट झाडणारे, कचरा उचलणारे, झाडे लावणारे एक जोडपे दिसले तर ते आम्हीच आहोत असे समजावे, अशी ती कल्पना आहे. तीर्थयात्रेच्या साहित्यात मोक्षाची अपेक्षा नेहमीची. येथे मोक्ष नको, पुनर्जन्म हवा, तोही सफाईकामासाठी आणि त्याच जोडीदारासह. भक्ती, पर्यावरणाची जाण आणि दांपत्यप्रेम यांची इतकी साधी एकजूट विरळा. पण याच चित्रात झाडू पतीच्या हाती आहे, टोपली आणि खुरपे पत्नीच्या हाती. तो झाडतो आणि ती केर दूर नेऊन टाकते. एका दृष्टीने येथे पुरुषाने घरातले सर्वांत बायकी मानलेले काम आनंदाने उचलले आहे, आणि ही गोष्ट लहान नाही. दुसऱ्या दृष्टीने पुढच्या जन्मातही वाहून नेणे तिच्याच वाट्याला आले आहे. दोन्ही वाचने एकाच वेळी खरी आहेत. लेखकाच्या निर्मळ मनाला या दुसऱ्या वाचनाची कल्पना नसावी. परंतु त्याने श्रमांची वाटणी इतक्या प्रामाणिकपणे चितारली की त्या वाचनाला जागा राहिली. प्रामाणिक लेखनाचे हेही एक लक्षण होय.

रेषेतली माणसे

वेगडांच्या पुस्तकांतील रेखाटनांचा विचार केल्याशिवाय त्यांच्या गद्याचे मूल्यमापन अपुरे राहील. ते चित्रकार आहेत, आणि कागदाचे तुकडे चिकटवून केलेली त्यांची चित्रे व वाटेवरची रेखाटने यांचा विषय नदीइतकाच तीरावरचा माणूस आहे : घाटावरच्या स्त्रिया, साधू, ओझे घेऊन निघालेली माणसे, यात्रेकरूंचे जथे. निसर्गदृश्य रंगवणाऱ्या चित्रकाराला माणूस प्रमाण दाखवण्यापुरता लागतो. वेगडांच्या रेषेत नदी ही माणसाच्या कामाची जागा असते. शांतिनिकेतनात रुजलेली ही दृष्टी त्यांच्या गद्यात उतरली आहे. त्यामुळे निवेदनाने जे अर्धवट सांगितले ते कित्येकदा रेषा भरून काढते. पाण्यात उतरलेल्या, कपडे धुणाऱ्या, बोलत बसलेल्या स्त्रियांच्या आकृतींत निवेदकाच्या शब्दांना न पोचलेला एक निवांतपणा आहे. चित्रकाराने जे पाहिले ते लेखकाने ऐकले असते तर, असा विचार मनात येतो. पण तसा विचार यावा इतके तरी या रेषांनी दिले आहे.

बुडालेल्या वाटा आणि दुहेरी स्मरण

या लेखनाला एक दस्तऐवजी मोल काळानेच दिले. वेगडांनी १९७७ मध्ये चालून काढलेल्या जबलपूर-मंडला टप्प्याचा मोठा भाग पुढे बरगी धरणाच्या जलाशयाखाली गेला. इंदिरा सागर प्रकल्पामुळे २००४ मध्ये हरसूद हे गाव उठले. १९६१ मध्ये पायाभरणी झालेल्या सरदार सरोवराचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. त्याच्या पाण्यात मूळ शूलपाणेश्वराचे मंदिर आणि महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्याच्या तीरावरची मणिबेलीसारखी गावे गेली. परिक्रमावासींना ज्या शूलपाणीच्या झाडीची धास्ती वाटे, तिच्यातील जुनी वाट आज बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली आहे आणि यात्रेकरूंना वळसे घालून जावे लागते. १९८५ पासून उभ्या राहिलेल्या नर्मदा बचाव आंदोलनाने या विस्थापनाचा प्रश्न देशापुढे मांडला. साहित्याने तो प्रायः शोकगीताच्या रूपात मांडला.

वेगडांच्या गद्यात आंदोलनाचा आवेश नाही, आणि काही अभ्यासकांना ती मर्यादा वाटू शकेल. सौंदर्याचा उपासक विस्थापिताच्या क्रोधाला न्याय देऊ शकतो का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर दुसऱ्या परिक्रमेच्या रचनेत काही अंशी सापडते. तोच माणूस पंचवीस वर्षांनी त्याच तीरावरून चालू लागतो तेव्हा प्रत्येक पाऊल तुलनेचे होते. पूर्वी जेथे वाळू होती तेथे पाणी, जेथे प्रवाह होता तेथे तळे. एकट्या माणसाची स्मृती शंकास्पद असते. वार्धक्यात तर ती हळवी आणि अतिशयोक्त होते. दोघांच्या स्मृतीला परस्परांची तपासणी असते. येथे घाट होता की नव्हता, या गावाने आसरा दिला होता की त्या, याची खातरजमा जोडीदारापाशी होते. दीर्घ सहजीवनाचे एक काम भूतकाळाला साक्ष देणे हेच असते, आणि नदीचे रूप बदलत असताना ती साक्ष कौटुंबिक न राहता सामाजिक होते. बुडालेली वाट आता फक्त तेथून चाललेल्यांच्या स्मरणात आहे. या अर्थाने दांपत्याची परिक्रमा ही नर्मदेच्या जुन्या देहाची एक नोंदवही ठरते. निषेधाचा उच्चार न करताही तिच्यात हानीची मोजदाद आहे.

मूल्यमापन

परिक्रमेच्या गद्याला दांडेकरांनी व्याकुळता दिली, कुंटे यांनी श्रद्धेचा रोखठोकपणा दिला, भारती ठाकूर यांनी स्त्रीची स्वतंत्र पाऊलवाट दिली. वेगडांनी तिला घर दिले. विरक्तीची वाट गृहस्थाला वर्ज्य नाही, सोबत हा साधनेतला अडथळा नाही, आणि थकलेल्या पावलांनी एकमेकांची गती सांभाळणे हीही एक उपासना आहे, हे त्यांच्या तीन पुस्तकांनी कोणताही सिद्धान्त न मांडता पटवून दिले. लग्न मोडलेल्या नदीच्या काठाने म्हाताऱ्या जोडप्याने चालत राहावे आणि तिची स्वच्छता पुढच्या जन्मीचे कर्तव्य म्हणून मागून घ्यावी, या घटनेत भारतीय मनाची जी समजूत प्रकट झाली आहे ती नर्मदेवरील विपुल लेखनात अन्यत्र क्वचितच इतक्या सहजपणे आढळेल.

या लेखनाची उणीवही त्याच्या याच बलस्थानाला चिकटून आहे. 'आम्ही' असा उच्चार झाला, परंतु दुसरा स्वर पहिल्याच्या कंठातून आला. मराठीत 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या अभ्यासकाला ही उणीव तत्काळ दिसेल, आणि तिची नोंद करणे हे वेगडांचे मोठेपण कमी करणे नव्हे. पती पुढे आणि पत्नी मागे अशी पाऊलवाटेची रीत असते; लेखनाला तशी सक्ती नसते. एकाच तीराची, एकाच दिवसांची, एकाच धर्मशाळेत काढलेल्या रात्रींची दोन स्वतंत्र कथने शेजारी ठेवता येतील, असे परिक्रमेचे पुस्तक भारतीय भाषांना अजून हवे आहे. परिक्रमा पुरी होण्यासाठी दोन्ही तीर चालावे लागतात, हा नियम नर्मदेने केव्हाच घालून दिला आहे.